दोष सांगणाऱ्याने उपाय विकू नये : ज्योतिष सल्ल्याची फी, जाहिरात आणि कायदा

प्रश्न थोडक्यात असा : ज्योतिषाचा अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे, नाशिकमध्ये सल्ला केंद्र सुरू करायचं आहे. फी किती ठेवावी, जाहिरातीत काय लिहावं, जोडीला रत्नं ठेवावीत का, मोबाइल ॲपवर नाव नोंदवावं का, आणि जादूटोणाविरोधी कायद्याची भीती बाळगावी का?

रत्नांपासून सुरुवात करतो, कारण या व्यवसायातला बहुतेक खोटेपणा तिथून झिरपतो. रत्नं ठेवू नका. यंत्रं, रुद्राक्ष, कवचं, पूजेची पॅकेजेसही ठेवू नका. पत्रिकेत दोष आहे असं सांगणारा आणि त्या दोषावरचा उपाय विकणारा एकच माणूस असला, की निदान बिघडतंच. कोणी खोटं बोलायचं ठरवून गादीवर बसत नाही. पण जागेचं भाडं पुष्कराजाच्या नफ्यातून निघत असेल, तर आठव्या-बाराव्या स्थानातला ग्रह जरा जास्तच ठळक दिसायला लागतो. समोरच्याला ते कळत नाही, आणि काही वर्षांनी आपल्यालाही कळेनासं होतं. कमिशनचंही तेच. ‘मी विकत नाही, फक्त अमुक सराफाकडे पाठवतो’ असं म्हणून महिन्याअखेरीस त्या दुकानातून पाकीट येत असेल, तर ती विक्रीच आहे, फक्त पावती दुसऱ्याच्या नावाने फाटते.

जातकाला, म्हणजे पत्रिका दाखवायला आलेल्या माणसाला, रत्न घ्यायचंच असेल तर त्याची फसवणूक होणार नाही एवढं ज्ञान त्याला द्या, आणि तिथे थांबा. रत्तीच्या घोळातूनच बरंच काही निसटतं. सोनाराची रत्ती साधारण १२१ मिलिग्रॅमची, रत्नबाजारातली रत्ती साधारण १८२ मिलिग्रॅमची. म्हणजे ‘पाच रत्तीचा खडा’ एका हिशेबाने तीन कॅरेटचा आणि दुसऱ्या हिशेबाने साडेचार कॅरेटचा होतो. म्हणून वजन नेहमी कॅरेटमध्ये लिहून घ्यायला सांगा. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यात वाद नाही. प्रयोगशाळेच्या दाखल्यावर खडा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेत बनवलेला, आणि त्यावर काय प्रक्रिया झाली आहे, हे दोन्ही असायला हवं. ‘नैसर्गिक’ एवढा एकच शब्द पुरेसा नाही. भेगांमध्ये काच भरलेला माणिकही मुळात नैसर्गिकच असतो, पण चांगल्या माणकाच्या किमतीच्या तो जवळपासही जात नाही. ती भरलेली काच सोनाराच्या ज्योतीने, अगदी लिंबाच्या रसानेही खराब होते. दुकानाचं नाव सांगू नका. फारच आग्रह झाला तर तीन नावं सांगा, आणि ‘यातल्या कोणाकडूनही मला काही मिळत नाही’ हे वाक्य तोंडाने उच्चारा.

विधींबाबत तोच नियम. त्र्यंबकेश्वरचा नारायण नागबली तीन दिवसांचा असतो. दक्षिणेशिवाय सामग्री, प्रवास, राहणं, बुडालेली मजुरी किंवा रजा असा सगळा बोजा त्या कुटुंबावर पडतो. तुमच्या एका वाक्याने एखादं घर कर्ज काढून तिथे जाऊ शकतं. त्या खर्चातला एक रुपयाही तुमच्याकडे येत नसेल, तरच ते वाक्य उच्चारण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि तेव्हाही ‘करायलाच हवं’ हे शब्द वापरू नका. उपाय विचारलाच तर बिनखर्चाचा सांगा : घरी म्हणता येईल असं स्तोत्र, कुलदेवतेचं दर्शन कधीतरी सवडीने, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या ऐपतीने दान, तेही कोणाला द्यायचं हे त्यांचं त्यांनी ठरवून.

आता दोषांचं गणित. हे प्रत्येक होतकरू ज्योतिषाने एकदा कागदावर मांडून पाहावं. लग्न म्हणजे इथे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. त्या लग्नापासून १, ४, ७, ८, १२ या स्थानांत मंगळ असला की मंगळाची पत्रिका म्हणतात. बारापैकी पाच स्थानं, म्हणजे शंभरातले सुमारे बेचाळीस लोक इथेच मंगळाचे झाले. काही जण दुसरं स्थानही धरतात, मग निम्मे. चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मंगळ मोजला, तर ढोबळ हिशेबाने शंभरातले ऐंशी लोक कुठल्या ना कुठल्या प्रकारे मंगळाचे ठरतात. साडेसातीचं पाहा. शनी चंद्रराशीच्या आधीच्या, त्या आणि पुढच्या राशीत असतानाचा तो काळ. म्हणजे कुठल्याही दिवशी बारापैकी तीन राशींना, पाव जगाला, साडेसाती चालूच असते. शनी मीनेत असेल तर कुंभ, मीन आणि मेष. त्यात अडीचकी, म्हणजे चंद्रराशीपासून चौथ्या किंवा आठव्या राशीतल्या शनीची अडीच वर्षं, मिळवली की पाच राशी झाल्या. गुणमेलनात जन्मनक्षत्रावरून धरली जाणारी नाडी तीनच प्रकारची आहे, त्यामुळे कुठलीही दोन स्थळं समोर ठेवली तर तीनातल्या एका जोडीत एकनाडी निघते, आणि छत्तीस गुणांतले आठ तिथेच जातात. मग उरतो कालसर्प, म्हणजे सगळे ग्रह राहू-केतूच्या एकाच बाजूला असण्याचा योग. आज तो ज्या रूपात सांगितला जातो, तसा फलज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत सापडत नाही.

हे आकडे ज्योतिषाच्या बाजूचे किंवा विरोधातले नाहीत. ते एवढंच दाखवतात, की दारात येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एखादा ‘दोष’ सांगता येतो, आणि तो आपल्याच पद्धतीच्या नियमांप्रमाणे बरोबरही असतो. भीती विकायला खोटं बोलावं लागत नाही. अर्धंच सांगितलं की पुरतं. समजा आई सत्तावीस वर्षांच्या मुलीची पत्रिका घेऊन आली, आठव्यात मंगळ आहे. ‘ताई, मुलीला कडक मंगळ आहे, लग्न जमायला त्रास होणार, शांत करून घ्या’ हे वाक्य घेऊन ती घरी गेली, की त्या मुलीच्या पुढच्या प्रत्येक नकाराला तेच कारण चिकटतं, आणि घरात तिच्याकडे बघण्याची नजर बदलते. त्याच पत्रिकेवर असंही सांगता येतं : ‘रूढ नियमाने ही मंगळाची पत्रिका आहे. पाचातल्या दोघांची असते. स्वराशीचा, उच्चीचा मंगळ असे अपवाद धरले तर हा मंगळ बहुतेक ज्योतिषी सोडून देतात. स्थळ नाकारण्यासाठी किंवा खर्च करण्यासाठी हे कारण पुरेसं नाही.’ दोन्हींना सारखाच वेळ लागतो. दुसऱ्या वाक्यानंतर पैसे मिळत नाहीत एवढाच फरक. दोष सांगताना तो किती जणांना असतो हे त्याच दमात सांगायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

अजून एक, मुलाकडचे लोक आधी फोन करून सांगतात : ‘मुलगी पसंत नाही, तुम्ही पत्रिका जुळत नाही म्हणून कळवा.’ आपल्याकडे सभ्यपणे नकार द्यायची ती सोय झाली आहे. ती सोय तुमच्या सहीने होऊ देऊ नका. पलीकडे एक मुलगी आहे, आणि तिच्या पत्रिकेवर कारण नसताना शिक्का बसतो.

जाहिरातीकडे येऊ. लोकलच्या डब्यात, एसटी स्टँडच्या भिंतीवर जी चिकटवलेली असते ती सगळ्यांना पाठ आहे : ‘वशीकरण, सौतन मुक्ती, संतानप्राप्ती, कोर्ट केस. ११ तासांत काम. १०१ टक्के गॅरंटी. काम झाल्यावर पैसे.’ आपला आणि या लोकांचा काय संबंध, असं म्हणून पुढे जाऊ नका. एकेक शब्द नीट पाहा, कारण तेच शब्द सौम्य होऊन शिकलेल्या ज्योतिषांच्या जाहिरातीत येतात.

‘काम झाल्यावर पैसे’ या ओळीवर माणूस फसतो, कारण त्यात धोका नाही असं वाटतं. फोन केल्यावर फी मागत नाहीत, ‘सामग्रीचे’ अकराशे मागतात. मग पूजेत विघ्न येतं, त्यासाठी पाच हजार. मग ‘पूजा अर्धवट सोडली तर उलटेल, घरातला माणूस जाईल’. या टप्प्यावर माणूस आधी गेलेले पैसे वाचवायला आणखी पैसे घालतो. घरच्यांपासून लपवून फोन केलेला असतो, त्यामुळे तक्रारही करत नाही. भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ मध्ये आणि भीती घालून पैसे उकळणं कलम ३०८ मध्ये येतं. असा फसलेला कोणी तुमच्याकडे आला तर त्याच्यावर उलटा तोडगा करत बसू नका. व्यवहाराचे स्क्रीनशॉट, यूपीआय क्रमांक आणि कॉलच्या वेळा कागदावर लिहून त्याला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला लावा. जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

‘संतानप्राप्ती’ हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. १९५४ चा औषधी व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ताईत, मंत्र, कवच या सगळ्यांना ‘जादूई उपाय’ म्हणतो, आणि त्यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात करायला बंदी घालतो. त्याच्या अनुसूचीत स्त्रियांचं वंध्यत्व आहे, कर्करोग आहे, मधुमेह आहे, अपस्मार आहे. ‘संतती योगासाठी खास उपाय’ ही ओळ व्हॉट्सॲप स्टेटसवर टाकली तरी ती जाहिरातच.

यंत्रांबद्दल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट निकाल दिला आहे. हनुमान चालिसा यंत्रासारख्या वस्तूंत दैवी शक्ती असल्याचं सांगून त्या विकणाऱ्या टीव्ही जाहिराती जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर आहेत. म्हणजे फक्त भोंदूगिरी करणारा नव्हे, तिची जाहिरात करणारा आणि दाखवणाराही जबाबदार. उद्या एखाद्या यंत्राच्या जाहिरातीत ‘ज्योतिषाचार्य’ म्हणून खुर्चीवर बसायचं बोलावणं आलं, तर हे लक्षात असू द्या.

आता सौम्य अवतार : ‘३० वर्षांचा अनुभव, ९० टक्के अचूक भाकिते, हजारो समाधानी जातक, फक्त आज सवलत.’ ‘९० टक्के’ कशाच्या आधारावर? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत, आणि दावा सिद्ध करणं जाहिरात करणाऱ्यावर असतं. आपल्याकडे सिद्ध करायला काय आहे? २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी एक चाचणी घेतली होती. हुशार विद्यार्थ्यांच्या शंभर आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शंभर पत्रिका, त्यातल्या मिळून चाळीस प्रत्येक ज्योतिषाला दिल्या. कोणती कोणत्या गटातली ते सांगायचं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून चाळीसातली वीस बरोबर येतात. सर्वांत चांगला निकाल चोवीसचा होता आणि सरासरी निम्म्याहून कमी. चाचणीच्या पद्धतीवर आपल्या क्षेत्रातून आक्षेप घेतले गेले, ते घ्यायचा हक्क आहेच. पण त्या आक्षेपांतून ‘९० टक्के’ हा आकडा निघत नाही. तो आकडा आणायचा तर आधी लिहून ठेवलेली, तारीख घातलेली, बरोबर आणि चूक अशी सगळी भाकितं समोर ठेवावी लागतात. तशी वही फार थोड्यांकडे असते. म्हणून टक्केवारी छापायचीच नाही.

‘समाधानी जातकां’चे व्हिडिओ याच कारणाने टाळा. शंभर उमेदवारांना ‘सहा महिन्यांत नोकरी लागेल’ सांगितलं तर काहींना ती तशीही लागणारच. ते पेढे घेऊन येतात. बाकीचे येतच नाहीत. खरं ठरलेलं एक भाकीत छापायचं असेल तर त्याच महिन्यात केलेली सगळी छापा.

पदव्यांचाही प्रश्न आहे. संमेलनात नोंदणीचे पैसे भरून मिळालेलं ‘ज्योतिषमार्तंड’ किंवा ‘सुवर्णपदक’ पाटीवर लावू नका. नावापुढे ‘डॉ.’ तर अजिबात नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. शिवाय ‘डॉ.’ वाचून आजारी माणूस आत येतो, आणि औषध बंद करू का हे तुम्हाला विचारतो. मंत्र्यांबरोबरचा सत्काराचा फोटोही असाच. मंत्र्यांनी तुमच्या भाकितांची हमी घेतली आहे असा अर्थ वाचणारा काढतो, आणि तो तसा निघावा म्हणूनच तो लावलेला असतो.

मग जाहिरात करायची कशी? अशी :

‘पत्रिका पाहून सल्ला. विषय : विवाह, शिक्षण-नोकरी, व्यवसाय, मुहूर्त. पद्धत : पारंपरिक, चित्रापक्षीय अयनांश. वेळ ४५ मिनिटे, फी ८०० रुपये, त्यावर काही नाही. रत्ने, यंत्रे, पूजा यांची विक्री नाही. आजार, गर्भ, शेअर व कोर्टाचा निकाल यांवर सांगितले जात नाही. सल्ला श्रद्धेवर आधारित आहे, निकालाची हमी नाही.’

(चित्रापक्षीय अयनांश म्हणजे राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्यावरून ठरवणारं गणित.) शेवटची ओळ बाकीच्याच आकाराच्या अक्षरात आणि मराठीतच हवी. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे : दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत, आणि खुलाशाने दाव्याच्या उलट बोलायचं नाही. वर ‘शंभर टक्के’ आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘मनोरंजनासाठी’ हा प्रकार त्यात बसत नाही. या जाहिरातीवर फोन कमी येतील, हे आधीच सांगतो. पहिलं वर्ष-दीड वर्ष दुसरं उत्पन्न हाताशी ठेवा. भाड्याची घाई झालेला ज्योतिषी चांगला सल्ला देऊ शकत नाही.

फी ठरलेली आणि आधी सांगितलेली असावी. ‘दक्षिणा ऐच्छिक’ लिहून नंतर पाकिटाकडे बघणं हे ठरलेल्या फीपेक्षा वाईट, कारण गरीब माणूस लाजेपोटी जास्त देतो. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी आठवड्यातले दोन तास विनाशुल्क ठेवा, पण ते जाहिरातीत आमिष म्हणून वापरू नका. पावती द्या. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि दर १८ टक्के आहे. श्रद्धेचं काम म्हणून त्यातून सुटका नाही.

मोबाइल ॲपचं उत्तर ‘शक्यतो नको’ असं आहे. मिनिटाला पैसे ही रचनाच सल्ल्याच्या विरोधात जाते. ज्या प्रश्नाचं उत्तर चार मिनिटांत संपतं, त्याला वीस मिनिटं लावली तर मिनिटाला तीस रुपये दराने १२० चे ६०० होतात. ‘पहिली पाच मिनिटं मोफत’ मध्ये दोष सांगून होतो. उपाय सहाव्या मिनिटाला सुरू होतो. सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला जाळ्यात ओढणारे तेरा प्रकार नाव घेऊन बंद केले आहेत : खोटी घाई, वर्गणीतून बाहेर पडता न येणं, शेवटच्या पडद्यावर किंमत वाढवणं वगैरे. ‘तुमच्यासाठी गुरुजी फक्त दोन मिनिटं थांबले आहेत’ हे खोट्या घाईचं अगदी साधं उदाहरण. तरी जायचंच असेल तर करारात चार गोष्टी वाचा : खरं नाव वापरता येतं का, संभाषण कोण साठवतं आणि किती दिवस, पूजा-रत्नं सुचवण्याचं लक्ष्य दिलं जातं का, आणि आपण होऊन कॉल संपवला तर दंड आहे का. शेवटच्या दोनपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर सही करू नका. कॉलवर मात्र उत्तर आधी आणि कारण नंतर द्या. उलट क्रम मीटर चालवतो.

जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल दोन्हीकडून गैरसमज आहेत. डॉ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर आधी अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. वारी, कीर्तन, घरातलं धार्मिक कार्य यांना हा कायदा हात लावत नाही, आणि वास्तुशास्त्राचा तसंच जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले यांचा सल्लाही त्यात वगळलेला आहे. म्हणजे पत्रिका पाहणं हा गुन्हा नाही. पण ती सूट सल्ल्याला आहे, माणसाला नाही. पत्रिका पाहता पाहता ‘तुमच्यावर करणी झाली आहे, उत्तरेकडच्या शेजारणीने केली आहे’ असं म्हणालात, की तुम्ही या कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे गुन्ह्यांच्या यादीत, शिरलात. अंगात शक्ती आहे असं भासवून धमकावणं, गुप्तधनासाठी अघोरी विधी, गर्भाचं लिंग बदलण्याचा दावा, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यापासून रोखणं, हे सगळं तिथे आहे. शेजारणीचं ते वाक्य मला यात सगळ्यांत भयंकर वाटतं. त्यातून एका बाईचं गावात जगणं बंद होतं, आणि बोलणारा तोवर पुढच्या जातकाकडे वळलेला असतो. चोरी कोणी केली, या प्रश्नालाही त्याच कारणाने उत्तर द्यायचं नाही, आद्याक्षरसुद्धा नाही.

काय सांगायचं नाही याची यादी मोठी नाही, पण ती आधी ठरलेली असावी, समोर माणूस रडत असताना ठरवता येत नाही. मृत्यूची वेळ नाही, जातकाची नाही आणि त्याच्या आईवडिलांचीही नाही. मुलगा की मुलगी, नाही. त्याबद्दलच्या जाहिरातीला १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याचं कलम २२ आहे, आणि त्या उत्तरावर घरात काय निर्णय होतात हे महाराष्ट्राला सांगायला नको. सिझेरियनचा मुहूर्त मागायला आले तर आधी विचारा : शस्त्रक्रिया डॉक्टरांनी ठरवली आहे का, आणि कोणत्या वेळेच्या आत? त्या चौकटीबाहेरची वेळ कितीही सुंदर लग्नाची असली तरी द्यायची नाही, आणि रात्री कळा सुरू झाल्या तर मुहूर्त रद्द, हे कागदावर लिहून द्यायचं. विशिष्ट शेअर घ्या-विका हे पैसे घेऊन सांगायला सेबीची नोंदणी लागते. ग्रहांचं नाव घेतल्याने ती टळत नाही. निवडणुकीच्या काळात निकालाचं भाकीत छापताना लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६अ पाहा. मतदानोत्तर चाचण्यांवरच्या बंदीच्या काळात ज्योतिष आणि टॅरोची भाकितंही त्यात येतात, असं निवडणूक आयोगाने २०१७ मध्ये कळवलं आहे.

गैरहजर माणसाची पत्रिका हा रोजचा प्रसंग. मुलाच्या मैत्रिणीची, सुनेची, भागीदाराची जन्मतारीख आणून ‘स्वभाव कसा आहे, बाहेर काही आहे का’ विचारतात. प्रौढ माणसाची पत्रिका त्याच्या संमतीशिवाय उघडायची नाही. लग्न जुळवताना दोन्ही घरांनी दिलेली असते, तिथेही गुणमेलनापुरतंच बोलायचं.

‘जगावंसं वाटत नाही, अजून किती दिवस आहेत पाहा’ असं कोणी म्हणालं तर पत्रिका मिटा. हा वाचनाचा विषय राहिलेला नाही. ‘मरायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिथेच लावून द्या, घरच्या कोणाला तरी बोलावून घ्या, आणि फी घेऊ नका. घरात मारहाण होत असेल तर १८१, जिवाला धोका असेल तर ११२. ‘दशा बदलली की नवरा सुधारेल, मार्चपर्यंत कळ काढ’ हे सांगणं म्हणजे तिला मार्चपर्यंत मार खायला परत पाठवणं आहे.

जन्मवेळेबाबत प्रामाणिक राहणं हासुद्धा नीतीचाच भाग, पण त्याचा उल्लेख फारसा होत नाही. लग्नबिंदू साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतो, नवांश लग्न (राशीच्या नवव्या भागावरून धरलेलं) तेरा-चौदा मिनिटांत बदलतं, आणि कृष्णमूर्ती पद्धतीत उपनक्षत्रस्वामी, म्हणजे नक्षत्राच्या एका छोट्या भागाचा स्वामी ग्रह, कधी कधी तीन मिनिटांच्या आतच पालटतो. जन्मदाखल्यावर बहुधा वेळ नसते. ‘आई म्हणते सकाळी सातच्या सुमारास’ एवढीच माहिती असते. त्या वेळेवर महिना-तारखेचं भाकीत करणं म्हणजे फूटपट्टीने केस मोजणं. प्रसूतिगृहाचा कागद मागा. तो नसेल तर ‘या वेळेवर मी एवढंच सांगू शकतो’ असं सांगून ढोबळ बोला, किंवा फी परत करा. घटना विचारून वेळ ‘शुद्ध’ केली असेल, तर त्याच घटना नंतर ‘पाहा, पत्रिकेत दिसतात’ म्हणून दाखवायच्या नाहीत. त्या तुम्हीच आत घातलेल्या असतात.

तोच माणूस तोच प्रश्न घेऊन महिन्यात तिसऱ्यांदा आला तर त्याला सल्ला नको आहे, धीर हवा आहे, आणि धीराला मिनिटाचा दर लावता येत नाही. एका प्रश्नावर सहा महिन्यांत एकदाच, हा नियम पाटीवरच लिहा.

शेवटी कागदपत्रं. जन्मतारीख, वेळ, ठिकाण, आईचं नाव, लग्नाच्या अडचणी एवढं सगळं तुमच्या मोबाइलमध्ये साठतं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण कायद्याआधी साधी गोष्ट : पत्रिकेचा फोटो ज्योतिषांच्या व्हॉट्सॲप गटात ‘अभ्यासासाठी’ टाकू नका. नाव खोडलं तरी तारीख, वेळ आणि गाव एवढ्यावर माणूस ओळखता येतो. एक वही ठेवा. प्रत्येक सल्ल्याला चार रकाने : तारीख, विचारलेला प्रश्न, सांगितलेलं उत्तर त्याच शब्दांत, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत खरं ठरायला हवं. नाव नको, फोन क्रमांक पुरे. एक प्रत जातकाला द्या, त्यावर ‘उपाय म्हणून काही विकत घ्यायला सांगितलेले नाही’ ही ओळ छापलेली असू द्या. मुदत संपली की त्या क्रमांकाला एकदाच फोन करून काय झालं ते पाचव्या रकान्यात लिहा, चुकलेलं लाल शाईने. ती वही जाहिरातीसाठी नाही. पुढच्या वेळी एखाद्या आईला ‘नक्की होईल’ म्हणायची इच्छा होईल, तेव्हा आधी त्या वहीची मागची दहा पानं उघडून पाहा.